सायकॉलॉजी प्रॅक्टिकलचं किट, वर्षभर वापरून: तूप, नाक आणि झोप

आधीच सांगते, मी काही मोठी रिसर्चर वगैरे नाही, तालुक्याच्या एका कॉलेजात सीएचबीवर (म्हणजे तासांवर पैसे) सायकॉलॉजी शिकवते आणि टीवायच्या पोरांची प्रॅक्टिकल्स माझ्या गळ्यात असतात. मार्चमध्ये एचओडी मॅडम म्हणाल्या लॅबसाठी थोडे पैसे आलेत, ३१ तारखेच्या आत बिल लागलं नाही तर परत जातील, वर कॉलेजांना ग्रेड देणारे नॅकवाले कधी टपकतील सांगता येत नाही, तर तीन कोटेशन मागव. मागवली. सगळ्यात कमीवाल्याला ऑर्डर गेली, नियमच आहे. जीएसटी धरून ९,८०० रुपये आणि त्यात म्युलर-लायरचा बोर्ड, मिरर ड्रॉइंग, मेमरी ड्रम, स्ट्रूपची कार्डं, एक स्टॉपवॉच आणि १६ पानांचं मॅन्युअल. घ्यायच्या आधी रिव्ह्यू शोधला होता, मिक्सरचे दोनशे सापडतात, ह्याचा एक नाही. म्हणून लिहितेय. डीलरचं नाव देत नाही, उगाच कशाला वाद.

बॉक्स आला तेव्हा शिपाई मामांनी उघडला, आत थर्माकोल आणि पॉलिशचा वास, दिसायला एकदम झकास. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद झाली, फोटो निघाले, फाइलला लागले. खरी मजा जुलैत बॅच सुरू झाल्यावर.

म्युलर-लायर सगळ्यांना माहीत असेल, दोन आडव्या रेघा, एकीच्या टोकांना बाण, दुसरीची टोकं माशाच्या शेपटीसारखी बाहेर उघडलेली, लांबी तेवढीच असली तरी शेपटीवाली मोठी वाटते. फ्रान्झ म्युलर-लायर ह्या जर्मन माणसानं १८८९ मध्ये हा भ्रम मांडला आणि तेव्हापासून जगातल्या सायकॉलॉजीच्या पोरांची सुटका नाही. बोर्डात बाणवाली रेघ फिक्स असते, १८० मिलिमीटर, शेपटीवाली सरकपट्टीवर. सब्जेक्टनं (ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्यानं) पट्टी सरकवून दोन्ही रेघा सारख्या वाटल्या की थांबायचं, आणि एक्सपेरिमेंटरनं मागच्या स्केलवर आकडा बघायचा. सोप्पंय. आमच्या बॅचची सरासरी आली १५७, म्हणजे भ्रम २३ मिलिमीटरचा. जर्नलं लिहून झाली, सह्या झाल्या माझ्या.

तिसऱ्या आठवड्यात एक पोरगा बोर्ड उलटा-सुलटा करत बसलेला. त्याचे वडील सुतार आहेत, सुट्टीत हा पण हाताखाली असतो. मला वाटलं टाइमपास चाललाय. तर तो म्हणतो, मॅडम ह्याचा शून्य सरकलाय. मी म्हटलं कशावरनं? त्यानं कंपासमधली स्टीलची पट्टी काढली, पुढच्या बाजूनं शेपटीवाली रेघ मोजून बरोब्बर १८० ला लावली आणि बोर्ड माझ्याकडं फिरवला. मागं स्केलवर १८४. स्केल म्हणजे काय तर कागदाची पट्टी, फेविकॉलनं डकवलेली, आणि डकवणाऱ्यानं चार मिलिमीटर बाजूला डकवलेली. म्हणजे आमची १५७ ची सरासरी मुळात १५३, भ्रम २३ नाही २७, आणि सह्या केलेली २२ जर्नलं चुकीची!

पहिल्यांदा चिडचिड झाली, मग लक्षात आलं की जे मी दोन वर्षं फळ्यावर लिहून समजावत होते ते ह्या कागदाच्या पट्टीनं पाच मिनिटांत समजावलं. चूक दोन जातीची असते ना. एक इकडं-तिकडं उडते, कधी जास्त कधी कमी, ती भरपूर ट्रायल घेतल्या की एकमेकीला खाते. दुसरी एकाच बाजूला ओढते, तिच्यासाठी तुम्ही हजार ट्रायल घ्या, हजाराच्या हजार चार मिलिमीटरनं चुकणार. आणि गंमत म्हणजे ती चूक कुठं नडते आणि कुठं नाही हे पण प्रयोगाच्या डिझाइनवर आहे, भ्रम किती मिलिमीटरचा असं विचारलं तर नडते, पण डावीकडून बघताना आणि उजवीकडून बघताना भ्रमात फरक पडतो का असं विचारलं तर दोन्हीकडं तेच चार, वजाबाकीत उडून जातात. पोरं म्हणाली मॅडम मग आपण फरकच विचारत जाऊ. त्या दिवशी मला वाटलं पगार वसूल (जो वेळेवर येत नाही तो).

सरकपट्टीचं दुसरं दुखणं पावसाळ्यात निघालं. लाकूड फुगलं, पट्टी अडकून अडकून चालायला लागली, सब्जेक्ट बाहेर ओढताना कंटाळून आधीच थांबायचे. त्याच पोरानं खोबणीत मेणबत्ती घासली, लोण्यासारखी चालायला लागली. तरी पण एक लक्षात ठेवा, पट्टी कितीही गुळगुळीत असली तरी छोट्यापासून मोठी करत गेलं तर एक आकडा येतो आणि मोठ्यापासून छोटी करत आणली तर दुसरा, म्हणून निम्म्या ट्रायल आतून बाहेर आणि निम्म्या बाहेरून आत घ्यायच्या, आणि त्या पण ओळीनं नाही, आत-बाहेर-बाहेर-आत अशा, म्हणजे सवय आणि कंटाळा दोन्हीकडं सारखा वाटला जातो. मॅन्युअलमध्ये लिहिलंय 'दहा ट्रायल घ्या'. संपलं.

हा बोर्ड घेऊन आमच्या वर्गात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स ह्या माणसाची गोष्ट नेहमी निघते. केंब्रिजचा हा डॉक्टर १८९८ च्या मोहिमेत ऑस्ट्रेलियाजवळच्या टॉरेसच्या सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेला, नंतर आपल्याकडं निलगिरीत तोडा लोकांकडं, आणि दोन्हीकडं ह्या रेघा दाखवल्या. तोडांचं त्यानं १९०५ मध्ये छापलं. निघालं असं की ही माणसं इंग्रजांपेक्षा कमी फसतात. पुढं १९६६ मध्ये सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स ह्यांनी बऱ्याच ठिकाणचा डेटा जमवून म्हटलं की जे लोक काटकोनांच्या, सुतारानं घडवल्यासारख्या जगात वाढतात ते जास्त फसत असावेत. ह्यावर वाद बरेच झालेत, पण आमचा सुताराचा पोरगा लगेच म्हणाला, मग तर मी सगळ्यात जास्त फसायला पाहिजे. लावला बोर्डाला, ३१ मिलिमीटर. वर्गात नुसता दंगा. एका पोरावरून काही सिद्ध होत नाही हे त्या दंग्यात कुणी ऐकलं का माहीत नाही.

तर बोर्डाला माझ्याकडून चांगले मार्क, फक्त आल्या आल्या पट्टीनं तपासा आणि स्केल उचकटून नीट डकवा.

मिरर ड्रॉइंग. धातूच्या पाट्यावर सहा टोकांची चांदणी, मधे पडदा, समोर आरसा, हात थेट दिसत नाही, आरशात बघून चांदणीच्या वाटेवरनं पेनासारखी काडी फिरवायची, कडेला लागली की बझर वाजतो आणि काउंटर एकानं पुढं जातो. पोरांना हे सगळ्यात आवडतं कारण हुशारातला हुशार पण इथं येडा होतो, हात वर न्यायचा तर खाली जातो. पण काउंटरचा भरवसा नाही. मी स्वतः बसून मोजून दहा वेळा कडेला काडी टेकवली, काउंटर म्हणतो १७. धातूला धातू टेकताना एका स्पर्शात बारीक दोन-तीन वेळा जोडतुटक होते, ती काउंटरनं गिळायला पाहिजे, ह्याचा गिळत नाही. डीलरला फोन केला तर म्हणे मॅडम बॅटरी उतरली असेल, आणि कुरिअरनं बॅटरी पाठवली! पैसे घेतले नाहीत एवढं खरं. बॅटरी टाकून बघितलं, १६. मग आम्ही धातूची पाटी बाजूला ठेवली, चांदणी कागदावर झेरॉक्स केली, दोन रेघांमधली वाट पेन्सिलनं काढायची आणि चुका नंतर लाल पेननं मोजायच्या, कोण काढतंय हे न बघता दुसऱ्याच जोडीनं. आरसा मात्र ए-वन आहे, जाड, कुठं वाकडं दिसत नाही. मेंदूवर काम करणाऱ्या ब्रेंडा मिलनरनं १९६२ मध्ये छापलेलं ते प्रसिद्ध काम पण असल्याच आरशा-चांदणीचं, १९५३ च्या मेंदूच्या ऑपरेशननंतर एच. एम. ह्या पेशंटला नवीन काही आठवणीत राहत नव्हतं, पण तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला आणि आपण हे आधी केलंय हे मात्र त्याला रोज माहीत नसायचं. हे सांगितलं की वर्ग गप्प होतो.

माझी खरी तक्रार मॅन्युअलवर आहे. त्यात प्रयोग दिलाय एका हाताची शिकवण दुसऱ्या हाताला मिळते का हा. आधी उजव्या हातानं एकदा, मग डाव्यानं दहा वेळा, मग परत उजव्यानं एकदा, उजव्याचा वेळ कमी झाला की लिहून टाका, डाव्याची शिकवण उजव्याला मिळाली. अरे पण उजव्यानं आधी एकदा केलंय ना! दुसऱ्यांदा करताना काहीही न करता पण थोडं सुधारणारच. मग हे कळणार कसं, तर दुसरा गट पाहिजे ज्यानं मधल्या वेळात नुसतं बसून राहायचं. कंट्रोल ग्रुपचा त्या १६ पानांत पत्ता नाही. आम्ही केलं, ११ आणि ११. डाव्यानं सराव केलेल्यांचा उजव्याचा वेळ सरासरी १४० सेकंदांवरून ८० वर आला, बघा केवढा फरक, मॅन्युअलप्रमाणं इथंच टाळ्या. पण नुसते बसलेल्यांचा पण १५० वरून १०५ झाला. म्हणजे साठातले ४५ फुकटचे, उरले १५, आणि एवढ्याशा गटांत त्या १५ चं पण फार कौतुक नको.

गट पाडताना मी पण एक घोळ घातलेला, लपवत नाही. घाईत पुढचे बाक इकडं, मागचे बाक तिकडं असं केलं. मग आठवलं की पुढच्या बाकावर मेहंदीच्या ऑर्डरी घेणाऱ्या तिघी बसतात, त्यांचा हात म्हणजे आरशात काय, डोळे मिटून पण चालेल. सगळं रद्द केलं, मामांच्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि नशिबानं पाडले गट. दोघी एका गटात आल्या, एक दुसऱ्यात. चालतंय, चिठ्ठीनं पडलं ना, मी नाही पाडलं.

स्टॉपवॉच ठीक. स्क्रीनवर सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं म्हणून पोरं ४१.३७ असं ऐटीत लिहितात, पण बटण दाबणारा अंगठाच ०.२ सेकंद उशिरा पोचतो तर त्या ३७ ला काय अर्थ. मिनिटभराच्या कामाला वापरा, रिअ‍ॅक्शन टाइमला नाही. त्यापेक्षा ३० सेंटिमीटरची पट्टी बरी, एकानं वरून सोडायची, दुसऱ्यानं खाली दोन बोटांत पकडायची, २० सेंटिमीटर घसरली म्हणजे साधारण ०.२ सेकंद झाले, गुरुत्वाकर्षणाचं गणित आहे, पट्टी खोटं बोलत नाही आणि दहा रुपयांत येते.

स्ट्रूपची कार्डं घेऊ नका. सरळ सांगते. जॉन रिडली स्ट्रूपनं १९३५ मध्ये छापलेला प्रयोग, शब्द एका रंगाचा आणि शाई दुसऱ्या, शाईचा रंग सांगायचा आणि तोंडातून शब्द निघतो. त्याच्या विद्यार्थ्यांना १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले आणि १०० उलट्या-सुलट्या शब्दांचे सांगायला ११०.३. एवढा जबरदस्त परिणाम आहे की फाटक्या कागदावर केला तरी येतो, आणि ह्या किटवाल्यांनी तो पण अवघड करून ठेवलाय. पिवळा रंग क्रीम कागदावर छापलाय, आमच्या ट्यूबलाइटखाली तो दिसतच नाही, आणि हिरवा-निळा भाऊ-भाऊ. पोरगी अडखळतेय ती शब्दामुळं का रंग ओळखू येत नाही म्हणून, कसं ठरवणार? वर चौकोनांचं कार्डच नाही, फक्त जुळणारे शब्द आणि न जुळणारे. जुळणारा शब्द उलट मदत करतो, मग फरक आला तर त्यातला अडथळा किती आणि मदत किती हे कळायला मधलं साधं कार्ड लागतं जे खुद्द स्ट्रूपकडं होतं. आणि कार्डं सगळी इंग्रजीत. आमची निम्म्याहून जास्त पोरं मराठी मीडियमची. मी घरी लाल, निळा, हिरवा, जांभळा असं मराठी कार्ड केलं, कलर प्रिंटचे ४० रुपये, आणि तीच पोरं जी इंग्रजी कार्ड आरामात संपवत होती ती मराठीवर धडाधड आपटायला लागली. बरोबरच आहे, जी भाषा न ठरवता वाचली जाते तीच आडवी येते. पण सगळ्यांना इंग्रजी आधी आणि मराठी नंतर दिलं तर दमल्यामुळं आपटली असं पण कुणी म्हणू शकतं, म्हणून निम्म्यांना उलटं दिलं, तरी तेच.

एक छोटी गोष्ट, एक्सपेरिमेंटर पोरगी मैत्रीण चुकली की 'च्च' करायची आणि मैत्रीण लगेच सुधारायची. तिला म्हटलं अगं तू बर्लिनचा तो घोडा करतेयस तिचा, गणितं करणारा हान्स, मालकाच्या नकळत हललेल्या डोक्यावरून उत्तर ओळखायचा, फुंग्स्ट नावाच्या सायकॉलॉजिस्टनं १९०७ मध्ये उघडं पाडलं. तेव्हापासून आमच्याकडं एक्सपेरिमेंटर सब्जेक्टच्या पाठीमागं बसतो आणि तोंडाला रुमाल.

आता मेमरी ड्रम, सगळ्यात महाग आणि सगळ्यात बोगस. फिरतं नळकांडं, खिडकीतून एकेक अर्थहीन शब्द दोन-दोन सेकंद दिसणार असा दावा. घड्याळ लावलं, दहा शब्दांना २० ऐवजी २३ सेकंद, आणि प्रत्येक वेळी असं काही खट्ट वाजतं की लक्ष शब्दाकडं राहतच नाही. ते पण चालवून घेतलं असतं. पण निकाल बघताना दिसलं की १२ शब्दांतले तीन जवळजवळ सगळ्यांना पाठ, पहिल्या फेरीत, आणि हे तीन ना यादीच्या सुरुवातीला होते ना शेवटाला. कोणते बघावं म्हणून यादी काढली. इंग्रजी अक्षरांत छापलेलं, टी-यू-पी, एन-ए-के, झेड-ओ-पी.

तूप, नाक, झोप.

पाच मिनिटं हसत होते स्टाफरूममध्ये. एबिंगहाऊस ह्या जर्मन माणसानं १८८५ मध्ये छापलं, पाठांतराचे स्वतःवरच प्रयोग, तेवीसशेच्या आसपास अक्षरजुळण्या तयार केल्या त्यानं, कशासाठी तर आधीच्या ओळखीचा फायदा मिळू नये. मग १९२८ मध्ये ग्लेझनं अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना विचारून कुठल्या जुळणीतून किती जणांना काही आठवतं ह्याची यादीच केली. पण ती अमेरिकेतली पोरं, त्यांच्या घरी वरणभातावर काय वाढतात ते वेगळं. कुठंतरी कुणीतरी ती इंग्रजी यादी उतरवली, तिची कॉपी, कॉपीची कॉपी, आणि ती आमच्या तालुक्यात येऊन तूप झाली. मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलंय 'शुद्ध अर्थहीन शब्द'. शुद्ध तूप!

डीलरला हे पण सांगितलं. त्याचं उत्तर, मॅडम सगळ्या कॉलेजांना हेच जातं, आजपर्यंत कुणाची कम्प्लेंट नाही. मला हे खरं वाटतं आणि तेच जास्त खुपतं. वागायला माणूस गोड आहे, फोन उचलतो, बिल वेळेत देतो, ३१ मार्च सांभाळतो, आणि खरं सांगू का, खरेदी करणाऱ्याला बहुतेक तेवढंच हवं असतं.

तर घ्यायचं का? पूर्ण किट नको. म्युलर-लायर आणि आरसा सुटा मागा, देतात सुटा, आम्हाला मागाहून कळलं. स्ट्रूपची कार्डं घरी करा, कागद पांढराशुभ्र घ्या. ड्रमच्या ऐवजी मोबाइलवर स्लाइड लावा, दोन सेकंदांचं टायमिंग सेट होतं आणि खट्ट पण नाही. आमचा ड्रम कपाटावर आहे, डेड स्टॉकला नाव असल्यामुळं टाकता येत नाही.

मराठीसाठी शब्दांची यादी मी नवीन केली, देवनागरीत, दोन अक्षरी, ढीप, छोम, झुफ असलं काहीतरी. अर्थ निघत नाही ना बघायला आधी स्टाफरूममधल्या सगळ्यांना विचारलं, सगळे म्हणाले नाही. बॅचला दिली तर एक शब्द परत सात-आठ जणांना पहिल्या झटक्यात पाठ, 'डोण'. मला काही कळेना. शेवटच्या बाकावरची एक म्हणाली, अहो मॅडम, आमच्या विहिरीजवळ जनावरांना पाणी प्यायला दगडाची डोण असते की. बाकीच्या सहा-सात जणांना विचारलं, सगळी शेतावरची. डोण काढली, तिथं 'ठुभ' टाकलंय, पुढच्या बॅचला बघू.